कै. चिमाजी थेटे यांच्या स्मरणार्थ

मयत माणसाने सकाळी सहा वाजता फोन करून ‘मनमाडहून गाडीत बसलोय, आठपर्यंत घरी येतो, चहा टाकून ठेवा’ असं कळवलं, तेव्हा थेट्यांच्या घरात अजून दात घासणं चालू होतं.

फोन हर्षालीने घेतला होता. ती घरातली थोरली सून आणि गेली तीन वर्षं करंजखेड्याची सरपंच. महिला राखीव जागा पडली, नवऱ्याने तिचा अर्ज भरला, ती निवडून आली. त्यानंतर नवरा शेखरच ‘सरपंच’ म्हणून गावभर हाका घेऊ लागला. सह्या मात्र हर्षालीच्या.

“कोण होतं?” शेखरने ब्रश तोंडात ठेवूनच विचारलं.

“चिमाकाका.”

शेखरने ब्रश बाहेर काढला. “आज? अकराला ग्रामसभा आहे आणि ते आज येणार?”

“ग्रामसभा आहे म्हणूनच येत आहेत.”

गेले तीन आठवडे नाशिक जिल्ह्यात करंजखेडे हे नाव ज्याला माहीत नाही असा माणूस उरला नव्हता. याआधी हे गाव फक्त द्राक्षांच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं, तेही भाव पाडताना. आता नाशिकच्या गंगापूर रोडवरची मंडळी रविवारी मिसळ खाऊन मुद्दाम गाडी इकडे वळवत आणि सिमेंटच्या बाकड्यांवर बसून फोटो काढत. याचं श्रेय संपूर्णपणे शेखरला. ग्रामपंचायतीने एक्केचाळीस बाकडी घेतली, एक बाकडं साडेअठरा हजाराला. तसलंच बाकडं आडगाव नाक्यापलीकडे सहा हजार दोनशेला मिळतं. एवढी तफावत गावाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून शेखरने एक युक्ती काढली होती, आणि युक्ती खरोखर चांगली होती. प्रत्येक घराला एक बाकडं, आणि त्या बाकड्यावर त्या घरातल्या दिवंगत माणसाचं नाव. स्वतःच्या आजोबांचं नाव लिहिलेल्या बाकड्याची किंमत कोण विचारणार?

कुणी विचारली नाही. ज्यांच्या घरी अलीकडे कुणी गेलं नव्हतं त्यांनी पणजोबा शोधून काढले. एका घरात पणजोबांचं नाव कुणालाच आठवेना, तर त्यांनी बैलाचं नाव दिलं आणि रंगाऱ्याने तेही ‘कै.’ लावून रंगवलं.

भांडण पेटलं ते दुसऱ्याच कारणाने. विठाबाईच्या सासऱ्याचं बाकडं गटारीशेजारी आलं, आणि त्या रागात तिने गावभर फिरून सगळी बाकडी वाचून काढली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की सरपंचाच्या घराला दोन मिळालीत. सगळ्या गावाला एकेक मयत आणि यांना दोन! एक सावळीराम थेटे, म्हणजे शेखरचे वडील. ते अकरा वर्षांपूर्वी वारले हे सर्वांना माहीत होतं. दुसरं नाव त्यांचे धाकटे बंधू चिमाजी. ते रेल्वेतून निवृत्त होऊन मनमाडला राहतात आणि रोज सकाळी चार किलोमीटर चालतात. मग एक यूट्यूबवाला आला, त्याने चिमाजींना फोन लावला, चिमाजी स्वतः ‘हॅलो’ म्हणाले, आणि पुढचं सगळं जिल्ह्याने पाहिलं.

हर्षालीने चहाचं आधण ठेवलं. मागून ज्योत्स्ना आली. ज्योत्स्ना म्हणजे धाकटी जाऊ, संतोषची बायको. ही दोघं वरच्या मजल्यावर राहत. चूल वेगळी, पक्ष वेगळा, पाण्याची टाकी मात्र एक. संतोष हा गावातल्या विरोधी पॅनेलचा पुढारी, आणि पुढच्या वेळी ज्योत्स्नाला सरपंच करायचं हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

“ताई, एक विचारू का?” ज्योत्स्नाने साखरेचा डबा पुढे सरकवला. “राग नका मानू. आपल्या अंगणात हे ब्लॉक बसवले ना दिवाळीआधी, त्याचं बिल कुणी दिलं?”

“यांनी. द्राक्षाच्या पैशातून.”

“द्राक्षाचे पैसे तर डिसेंबरात आले.”

हर्षालीचा हात डब्यातच राहिला. खिडकीतून अंगण दिसत होतं, लाल-करडे ब्लॉक, एकात एक अडकवलेले, फटीत गवताची काडी नाही. ते बसवून झाले त्या दिवशी ती अनवाणी फिरली होती त्यावरून. किती आनंद झाला होता तिला. आता तिला पायाला काहीतरी टोचल्यासारखं झालं.

“तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?” ज्योत्स्नाने विचारलं, आणि तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता, हे जास्त वाईट होतं.

त्यांची सासू कुसाबाई हॉलमधल्या सोफ्यावर मांडी घालून बसली होती. दिराचा फोन आल्याचं तिला कळलं होतं, पण ‘कळलं’ असं तिने दाखवलं नव्हतं. चिमाजीशी ती अकरा वर्षं बोललेली नव्हती. कारण विचाराल तर ती सांगायची नाही. म्हणून इथे सांगतो.

सावळीरामच्या दहाव्याला गोदावरीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. कुसाबाईने हात जोडून सांगितलं, पोरांचं करते, वावर विकत नाही. कावळा ढिम्म. बागेला पाणी देते. कावळा मान वाकडी करून बघत राहिला. दीड तास झाला, भटजी घड्याळ बघू लागले. तेवढ्यात चिमाजी ड्युटीवरून धावत आला, पिंडापाशी वाकून काहीतरी पुटपुटला, आणि कावळा झडप घालून अर्धा पिंड घेऊन गेला. लोक म्हणाले, बघा, भावात जीव अडकला होता. बेचाळीस वर्षं ज्याला भाकरी करून घातली त्याचा जीव भावात अडकला! कुसाबाईच्या मनाने ते घेतलं ते घेतलंच. मग सहा महिन्यांपूर्वी रंगारी दारात येऊन नावं विचारू लागला तेव्हा तिने सावळीरामचं नाव दिलं. रंगाऱ्याला बाकड्यामागे पैसे होते, त्याने विचारलं, “आणखी कोणी?”

“चिमाजी घाल,” कुसाबाई म्हणाली होती. “माझ्यालेखी तो त्याच दिवशी गेला.”

रंगारी पेठ तालुक्यातला, साधा माणूस. त्याला घरातलं काय ठाऊक? त्याने लिहून घेतलं.

आणि आता तो दिवंगत दीर फाटकातून आत येत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट, काखेत कागदात गुंडाळलेली मोठी चौकट. चपला-बूट जिथे काढतात तिथे उभं राहून त्याने आधी चौकटीवरचा कागद सोडला आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. त्याचाच फोटो होता, चंदनाचा हार घातलेला.

“वहिनी, नमस्कार. चहा टाकला का?”

कुसाबाईने पंख्याकडे पाहिलं. “ज्योत्स्ना, पाहुण्यांना विचार, साखर किती.”

“सांग वहिनींना, डॉक्टरने बंद केलीय. पण आता मेलोच आहे तर दोन चमचे टाका.”

ज्योत्स्ना हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली. शेखर बाहेर आला आणि काकांच्या पाया पडला, जरा जास्तच वाकून. “काका, हा फोटो?”

“आमच्या पेन्शनर मंडळींनी केला. बाकड्याचा फोटो त्यांच्या ग्रुपवर फिरला ना. त्यांनी शोकसभा घेतली. मी नेहमीसारखा संध्याकाळी गेलो तर आत माझ्यावरच भाषण चालू. लय चांगलं बोलत होते रे. ब्याऐंशीच्या बॅचचा तो कुलकर्णी, जन्मात कधी माझं कौतुक केलं नाही त्याने, तो रडला. मग काय करणार? मागच्या खुर्चीवर बसून राहिलो. दोन मिनिटं शांतता पाळायला सगळ्यांबरोबर उभाही राहिलो.”

“मग?” हर्षाली चहा घेऊन आली होती.

“मग चहा-बिस्किटं वाटताना सापडलो. फोटो परत घ्यायला दुकानदार तयार नाही, म्हणून मलाच दिला.” त्याने कप घेतला. “येताना बाकड्यावर बसून आलो. डुगडुगतंय. साडेअठरा हजाराचं बाकडं आणि डुगडुगतंय.”

तेवढ्यात संतोष वरून खाली उतरला. काका आल्याचं कळल्यापासून तो शर्ट बदलत होता. “काका, बरं झालं आले. आज सभेत तुम्ही बोलायचं. पहिला माईक तुमच्या हातात देतो. तुम्ही म्हणजे आपल्याकडचा जिवंत पुरावा.”

“संत्या, घरातली गोष्ट आहे,” शेखर गरजला.

“घरातली कशी? पैसा गावाचा नाय का?”

“काका,” शेखरने आवाज मऊ केला आणि खुर्ची जवळ ओढली, “तुम्ही एवढंच म्हणा की ही माझीच इच्छा होती. जिवंतपणीच स्मारक व्हावं. मोठी मोठी माणसं करतात असं. मी निवेदन लिहिलंय, त्यात एक ओळ घालतो.”

त्याने खिशातून कागद काढला. रात्रभर खपून त्याने दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं, आणि ते हर्षालीने सभेत वाचायचं होतं. संतोषने तो कागद हिसकला आणि मोठ्याने वाचू लागला. “‘सदर चूक ही रंगाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झाली असून... बाकड्याच्या दरात वाहतूक, बसवणी तसेच ग्रामस्थांच्या भावनांचे मूल्य समाविष्ट आहे...’ भावनांचं मूल्य? भावनेवर जीएसटी किती लावला, दादा?”

“दे इकडे!”

कागदाची ओढाताण झाली. काका मधे चहा सांभाळत बसले. दोन पुतणे दोन बाजूंनी त्यांचा एकेक हात धरून आपापल्या बाजूला समजावू लागले, तेव्हा चहा बशीत आणि बशीतून शर्टावर आला.

“हात सोडा काकांचे,” हर्षाली म्हणाली. सभेत ती फारशी बोलत नसे, घरातही नाही, त्यामुळे दोघांनी चटकन हात सोडले. “काका, यांचं राहू द्या. तुम्हाला स्वतःला काय पाहिजे?”

चिमाजीने रुमालाने शर्ट पुसला. “मला? मला नाव पुसून नको, माफी पण नको. एवढंच कळलं पाहिजे की हे कुणी केलं. पोरी, मी छत्तीस वर्षं रेल्वेत काढली. यार्डात एक डबा रुळावरून खाली उतरला तर तासाभरात कागद फिरायचा, त्या वेळी ड्युटी कुणाची होती. आणि ज्याची असेल तो म्हणायचा, माझी होती. इथं आख्खा माणूस मारून टाकला, तरी कुणाची ड्युटीच नाही. रंगारी म्हणतो बाईंनी सांगितलं, शेखर म्हणतो रंगाऱ्याने केलं, ग्रामसेवक म्हणतो सरपंचांची सही आहे.”

पंख्याकडे बघणाऱ्या कुसाबाईची मान थोडी खाली आली.

“सही माझीच आहे,” हर्षाली म्हणाली. मग शेखरकडे वळली. “अहो, अंगणातले ब्लॉक कुणी टाकले?”

शेखरने संतोषकडे पाहिलं, दारात आलेल्या ज्योत्स्नाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आपल्या वडिलांकडे पाहिलं. “कॉन्ट्रॅक्टरने. प्रेमाने टाकून दिले. उरलेले होते त्याच्याकडे.”

“आणि मला म्हणालात द्राक्षाचे पैसे.”

“तू विचारलं नसतं तर बरं झालं असतं.”

“मी विचारलं नाही, तेच तर झालं ना,” हर्षाली म्हणाली आणि कप उचलून आत गेली. तिला रडू आलं होतं. नवरा लबाड निघाल्याचं दुःख होतंच, पण आपण तीन वर्षं खुशाल सह्या करत बसलो याची तिला फार लाज वाटली.

बाकीचे सभेच्या तयारीला निघाले आणि हॉलमध्ये दोघंच उरली, वहिनी आणि दीर. शेवटी कुसाबाईनेच तोंड उघडलं, पंख्याला उद्देशून. “रंगाऱ्याला मी सांगितलं होतं. नाव घालायला.”

“ठाऊक आहे. तुमच्याशिवाय घरात माझी आठवण काढतं कोण?”

“तू त्या दिवशी कावळ्याला काय सांगितलं?” अकरा वर्षं घशात अडकलेला प्रश्न एकदाचा बाहेर पडला. “माझं ऐकलं नाय त्यानं. तुझं ऐकलं. काय कबूल केलं तू? वावर? विहीर?”

चिमाजी क्षणभर आठवत राहिला. “काही नाही हो. म्हटलं, दादा, लासलगावला मालगाडी मधे आली, उशीर झाला, रागावू नका, खा आता.”

“एवढंच?”

“दादांना उशीर झालेला आवडायचा नाही. ताटावर बसायचे पण मी आल्याशिवाय घास उचलायचे नाहीत, लहानपणापासून. तुम्ही वाढून कंटाळायच्या.”

ते खरं होतं. कुसाबाई कंटाळायची, करवादायची, आणि सावळीराम ताटावर हात ठेवून बसून राहायचा. तिने पदराचं टोक डोळ्याला लावलं. तो कावळा नव्हता, तो ताटावर बसलेला माणूस होता, आणि तिने दिरावर उगाच अकरा वर्षं राग धरला होता. एका बाकड्याचा खर्चही उगाच झाला होता.

“साखर खरंच बंद केली का भावजी तुमची?” तिने विचारलं.

ग्रामसभेला आजवर कधी माणसं जमली नव्हती. गणपूर्ती नाही म्हणून तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच चार टाळक्यांत उरकायची, असा रिवाज. आज सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांनाही लोक लटकले होते. संतोषच्या छातीत आनंद मावत नव्हता. त्याने घोषणा पाठ केल्या होत्या, काकांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, यूट्यूबवाल्याला नेमका कोन दाखवून ठेवला होता. आज वहिनी गडबडणार, दादा पडणार, आणि उद्यापासून गाव आपल्याकडे.

पण गाव त्याच्या हातात राहीना.

“दराचं नंतर बघू!” विठाबाई पहिल्याच मिनिटाला उभी राहिली. “माझा सासरा गटारीपाशी का? जन्मभर चांगल्या वासाची तंबाखू खाल्ली त्यानं!”

“आमचे आजोबा उन्हात हायेत, त्यांचं काय?”

“तुझे आजोबा उन्हातच फिरायचे की! आमचे बघ, दारूच्या दुकानासमोर. आयुष्यभर माळकरी माणूस!”

“आमच्या बैलाला तरी चांगली जागा दिलीय,” मागून कोणीतरी समाधानाने म्हणालं, आणि त्यावरून निराळंच भांडण जुंपलं.

“अरे, साडेअठरा हजार!” संतोष माईकमध्ये ओरडत होता. “सहा हजाराचं बाकडं साडेअठराला! गावकऱ्यांनो!” कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. जनता भडकली होती यात शंका नाही, पण संतोषला पाहिजे तिथे भडकत नव्हती.

अध्यक्षांच्या खुर्चीत हर्षाली बसली होती. समोर शेखरचं निवेदन होतं. शेजारी ग्रामसेवक भाऊसाहेब घाम पुसत होते, आणि त्यांच्या कोपराखाली प्रोसिडिंग बुक होतं, कापडी बांधणीचं, लाल पाठीचं. तिने निवेदन घडी करून बाजूला ठेवलं आणि पुस्तकाला हात घातला.

“मॅडम, ते मी वाचतो ना,” भाऊसाहेब म्हणाले आणि कोपर उचलेनात.

“उचला, भाऊसाहेब.”

तिने पानं उलटली. स्वतःची सही पानोपानी होती, वळणदार, ठसठशीत, अजिबात विचार न करता केलेली. मग तिने माईक ओढून घेतला आणि वाचलं. “ठराव क्रमांक सतरा. स्मृतिबाकडी एक्केचाळीस नग खरेदी करणे. दर प्रति नग अठरा हजार पाचशे. सर्वानुमते मंजूर. सूचक, श्री. संतोष सावळीराम थेटे.”

सगळ्यांच्या माना संतोषकडे वळल्या. संतोषचं तोंड उघडं राहिलं.

“खोटं आहे! मी त्या दिवशी शिर्डीला होतो!”

“घरीच होता तुम्ही,” बायकांच्या रांगेतून ज्योत्स्ना म्हणाली. “मॅच बघत. सभेला नव्हता मात्र, हे खरं.”

“आणि अनुमोदक,” हर्षालीने पुढची ओळ वाचली, आणि तिला थांबावं लागलं, कारण हसू येत होतं आणि ती वेळ हसण्याची नव्हती, “अनुमोदक, श्री. चिमाजी रंगनाथ थेटे.”

चिमाजी हळूच उभा राहिला. “म्हणजे माझ्या स्मारकाला मीच अनुमोदन दिलं?”

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “सभेला कुणी येत नाही हो. सूचक-अनुमोदक तर लागतात. मग मतदार यादीतून एकेक नाव घेतो आम्ही. विरोधकाचं एखादं असलं म्हणजे चौकशीत बरं दिसतं. काकांचं नाव यादीत अजून आहे, तीनशे बारावा क्रमांक. सगळीकडेच असं करतात.”

“माझं पण हाय का त्यात?” विठाबाईने विचारलं, पण आता आवाज बदलला होता.

हर्षालीने पानं चाळली. होतं. विठाबाईने हायमास्ट दिवा सुचवला होता, जो तिने कधी पेटलेला पाहिला नव्हता. तिच्या जावेने त्याला अनुमोदन दिलं होतं. उन्हातल्या आजोबांच्या नातवाने स्मशानभूमीचं सुशोभीकरण मांडलं होतं. लोक टेबलाभोवती गर्दी करून आपापली नावं शोधू लागले, आणि ज्याला सापडेल तो त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचू लागला. सापडलं नाही असं कुणीच नव्हतं.

“बसा,” हर्षाली म्हणाली. “मला बोलायचंय, आणि लिहून आणलेलं नाही, म्हणून चुकलं तर सांभाळून घ्या.” तिने उघड्या पानावर हात ठेवला. “बाकड्याचा बाजारभाव सहा हजार दोनशे. आपण दिले अठरा हजार पाचशे. गावाचे पाच लाख चार हजार तीनशे रुपये जास्त गेले. ते कॉन्ट्रॅक्टरकडे गेले. त्यातून आमच्या अंगणात ब्लॉक आले. व्यवहार यांनी केला, पण ठराव वाचला नाही मी, सही केली मी. ड्युटी माझी होती.”

पहिल्या रांगेत चिमाजीने मान हलवली. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शेखरने चेहरा दोन्ही हातांत घेतला.

“माझं म्हणणं असं, की वरचे सगळे पैसे आमच्या घराकडून वसूल करा. सगळ्या कागदांची तालुक्याहून चौकशी लावा. मला सरपंच ठेवायचं की नाही ते त्यानंतर ठरवा. भाऊसाहेब, ठराव लिहा. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर.” तिने पेन त्यांच्या हातात दिलं. “सूचक कोण?”

कुणी हलेना. सरपंचाविरुद्ध ओरडणं सोपं होतं. कागदावर नाव देणं निराळं. चौकशी लागली की सगळं पुस्तक उघडणार, आणि पुस्तकात सगळेच होते. हर्षालीने संतोषकडे पाहिलं. तीन आठवडे घोषणा देणारा तिचा दीर बुटाची नाडी बांधण्यात गुंतला होता. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. तिला वाटलं, झालं, आता हा ठराव सूचकाअभावी वाऱ्यावर जाणार आणि उद्यापासून मी या गावात एकटी.

“माझं नाव घाल,” चिमाजी म्हणाला. “तीनशे बारा.”

भाऊसाहेबांनी लिहिलं. “अनुमोदक?”

बायकांच्या रांगेत खुर्ची करकरली. कुसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठत होती.

“आई!” मागून शेखर ओरडला. “घर जाईल, आई! पाच लाख आहेत!”

“जाऊ दे की. ब्लॉक आल्यापासून अंगणात पाय घसरतोच माझा.” ती टेबलापाशी आली. “लिही, कुसाबाई सावळीराम थेटे. आणि पुढं लिही, स्वतः हजर होती.”

“आजी, असं लिहायची पद्धत नाही.”

“मेलेल्या माणसाचं अनुमोदन लिहायची पद्धत हाय, आणि जित्या बाईचं नाय? लिही.”

भाऊसाहेबांनी लिहिलं: स्वतः हजर. कुसाबाईने अंगठा नको म्हणून पेन घेतलं आणि तिसरीपर्यंत शिकलेल्या अक्षरांत, एकेक काना नीट ओढत, सही केली. ते होईपर्यंत शंभर-दीडशे माणसं टाचा उंचावून बघत होती.

मग विठाबाई पुढे झाली. “माझ्या पण नावापुढं घाल. सासऱ्याचं नंतर बघू.” तिच्यामागे तिची जाऊ आली. ज्योत्स्ना आली, आणि तिने आपल्या नवऱ्याला बाहीला धरून बरोबर आणलं. संतोषने सही करताना यूट्यूबवाल्याकडे पाठ केली. रांग दाराबाहेर गेली. उपस्थितीच्या कोऱ्या पानावर एकाखाली एक नावं उतरत होती आणि प्रत्येकजण वाकून बघत होता, आपल्यापुढे ते दोन शब्द लिहिलेत की नाही.

हर्षाली बसूनच होती. तिला दमल्यासारखं वाटत होतं आणि भूकही लागली होती. सगळ्यात शेवटी टेबलासमोर एक सावली आली, ती हलेना, म्हणून तिने वर पाहिलं.

शेखर उभा होता. डोळे लाल, केस विस्कटलेले. भाऊसाहेबांनी सवयीने ‘सरपंच साहेब, तुमची सही नको’ असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“नाव?” हर्षालीने विचारलं.

“शेखर सावळीराम थेटे.”

“पुढे काय लिहू?”

तो काहीतरी पुटपुटला.

“ऐकू आलं नाही,” हर्षाली म्हणाली. “मागच्यांनाही कळू द्या.”

शेखरने एकदा आईकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि शाळेत मास्तरांपुढे उभा राहिल्यासारखा ताठ झाला.

“हजर,” तो म्हणाला.